हिरव्या पट्ट्यावरची घोडी

गोष्ट मी इतकी वर्षं अशी सांगत आलो. डॉक्टरसाहेबांनी घोडीला इंजेक्शन दिलं, घोडी उभ्या उभ्या झोपली. साहेबांनी तिच्या तोंडासमोर फट्‌कन छत्री उघडली. घोडी हलली नाही, पण छत्रीच्या आवाजानं साहेब स्वतःच दचकले, शेणावर घसरले आणि गुडघा मोडून घेतला. घोडी घोरतच होती. इथे मी खालचा ओठ लोंबता सोडून घोडीसारखा घोरून दाखवायचो आणि ऐकणारे हसून लोळायचे. पुढे तीच झोपलेली घोडी वरातीत चालली, तिच्यावर बसलेला नवरदेवही पेंगायला लागला, वगैरे मी नंतर जोडत गेलो. लग्नघरी गेलो की कोणीतरी म्हणायचंच, "काका, ती छत्रीवाली होऊन जाऊ द्या."

या गोष्टीत डॉक्टर खरे आहेत. घोडी, छत्री आणि मोडलेला गुडघाही खरा आहे. बाकीचं मी घातलं आहे. ते काढून टाकायला आज बसलो आहे. पण बसवत नाही. चार ओळी लिहून होत नाहीत तोच उठून अंगणात फेरी मारून येतो. तेव्हा लिखाण मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

मी सौंसरच्या सरकारी पशुचिकित्सालयात सहायक होतो. लोक कंपाउंडरच म्हणायचे. पांढुर्ण्याला माझं घर. रोज जाऊन येऊन करायचो. जिल्हा तेव्हा छिंदवाडा होता आणि मोबाईल नुकते हातात आले होते. डॉक्टर बदलून आले त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणी शिंपी आला. गळ्यात मोजायची टेप, काखेत काळी, बटण दाबून उघडणारी छत्री. अंगानं वाळलेले. ते मला नावानं कधीच बोलावत नसत. "सहायक" म्हणायचे, तेही "अहो सहायक". माणसांशी ते असं सरकारी बोलत. पण घोडी समोर आली की आवाज बदलायचा. "बाईसाहेब, हा पाय जरा इकडे घेता का? उपकार होतील."

बैल, म्हशी, शेळ्या ते इतर डॉक्टरांसारख्याच तपासत, नीट आणि भराभर. वेड होतं ते घोड्यांचं, आणि त्यातही एकाच गोष्टीचं. घोड्याला शांत करायची औषधं. कोणतं किती लवकर लागतं, किती वेळ राहतं, कशानं घोडा डुलतो, आणि खरी गोष्ट म्हणजे कशानं तो खरोखर शांत होतो आणि कशानं नुसता दिसतो. आता आमच्या भागात घोडे किती? टांगे कधीच गेले होते. राहिल्या होत्या वरातीच्या घोड्या आणि एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या दारातला घोडा. पण तेवढ्यांच्या जखमा शिवणं, वाढलेले दात कानशीनं घासणं, नाल खुपली ते पाहणं हे सगळं साहेब असं करायचे की जणू पलटणच सांभाळायची आहे.

चिकित्सालयाच्या आवारात त्यांनी एक लाकडी खांब पुरला आणि स्वतः रंगवला. वर लाल पट्टा, मधे पिवळा, खाली घोड्याच्या गुडघ्याच्या उंचीवर हिरवा. घोडा खांबाजवळ उभा करायचा, सुई द्यायची आणि त्याचा खालचा ओठ कोणत्या पट्ट्यावर उतरतो ते पाहायचं. टेपनंही मोजायचे. मग कानाजवळ घंटी वाजवायची, अंगावर पंचा झटकायचा, आणि शेवटी छत्री. प्रत्येक वेळी "लिहा" म्हणायचे आणि मी भांडारघराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहायचो. कागद का नाही विचारलं तर म्हणाले, "कागद फाइलमध्ये जातो. दार रोज उघडावं लागतं."

बाहेर बसलेले शेळ्यांचे मालक तोंडात रुमाल कोंबून हसायचे.

त्या छत्रीपायी एकदा आम्ही दोघं चिंब भिजलो. लोधीखेड्याहून येताना माझी मोटरसायकल बंद पडली, पाऊस कोसळत होता, चालत निघालो. मी म्हटलं, "साहेब, छत्री उघडा ना."

"ती छत्री नाही. उपकरण आहे."

"पण भिजून राहिलो जी."

"रोज उघडली तर स्प्रिंग ढिली पडते, सहायक. आजची फट्‌ आणि पुढच्या महिन्यातली फट्‌ सारखी असायला नको का? नाहीतर औषधांची तुलना कशी करणार?"

छत्री त्यांनी शर्टाच्या आत छातीशी धरली होती. ओली होऊ नये म्हणून.

सुई दिल्यावर तर आवारात कोणी शिंकायचं नाही असा हुकूम. फाटक बंद. शेळ्या बाहेर. साहेब चपला काढून ठेवायचे आणि भिंतीला टेकून उभे राहायचे. घोडीच्या कानात कापूस. तोही बाजारचा नाही, कोणाच्या कापसाच्या बैलबंडीतून घेतलेलं बोंड, आणि त्यातली सरकी मी वेचून काढायची. "औषध सुईतून जातं," ते म्हणायचे, "पण काम शांतता करते. लागायच्या आधी तिला कोणी छेडलं तर दुप्पट दिलं तरी उपयोग नाही." एकदा अशा वेळी माझा मोबाईल वाजला.  साहेबांनी पूर्ण औषध वाया गेलं असं समजून घोडी परत पाठवली आणि मला तिच्या मालकाला कारण सांगायला लावलं.

छिंदवाड्याच्या एका बैठकीत मोठे अधिकारी बोलत होते. साहेब माझ्या कानाशी लागले. "दुसऱ्या ओळीत डावीकडचे. पिवळ्यावर." थोड्या वेळानं, "हिरव्यावर." खरंच त्या गृहस्थांची हनुवटी छातीला टेकली होती. साहेबांनी बाकाखाली हळूच टिचकी वाजवली. गृहस्थ खडबडून जागे झाले आणि टाळ्या वाजवू लागले. साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पाहिलं? एका टिचकीला. मान खाली आहे म्हणजे झोपले असं नसतं. मान ही फक्त मान आहे."

हे वाक्य मी त्यांची नक्कल करताना नेहमी म्हणायचो. त्याचा अर्थ काय होता त्याचा विचार केला नाही.

गुलाबराव घोडीवाला पांढुर्ण्याचा. त्याची चांदणी नावाची पांढरी घोडी, आजूबाजूच्या गावांत नवरदेवांची आवडती. तिच्या मागच्या पायाला कुंपणाच्या काटेरी तारेची मोठी जखम झाली. पुन्हा पुन्हा साफ करून पट्टी बांधावी लागणार होती आणि ती पायाला हात लावू देत नव्हती. गुलाबराव तिला टेम्पोत घालून सौंसरला आणायचा. साहेबांना तर पर्वणीच. एकच घोडी, एकच खांब, एकच छत्री, आणि प्रत्येक पट्टीला वेगळं औषध, मधे पुरेसे दिवस जाऊ देऊन.

झायलाझिन दिलं की काही मिनिटांत चांदणी हिरव्यावर. पाय फाकवून डुलायची, दुखणं कमी, पण लवकर उतरायचं. आणि मागच्या पायाला नको तिथे हात लागला तर डोळे अर्धे मिटलेले असतानाही लाथ अचूक. डेटोमिडिन साहेबांनी नागपुराहून आणवलं होतं. ते जास्त वेळ राहायचं, घोडी घामानं निथळायची. तिसरं असेप्रोमाझिन. ते लागायला वेळ घ्यायचं, वेदना कमी करत नसे. पण त्यावर चांदणी ना डुलायची, ना पाय फाकवायची. पापण्या उतरलेल्या, ओठ लोंबलेला, जगाशी काही घेणं नाही अशी सरळ उभी. मोहगावच्या एका शेतकऱ्यानं आपल्या घोड्यासाठी तेच मागितलं तेव्हा साहेबांनी त्याला बाजूला नेऊन कानात सांगितलं की नर घोड्याला हे दिलं तर कोणता अवयव बाहेर राहून कायमचा निकामी होऊ शकतो. तो माणूस घोडा घेऊन जो गेला तो फिरकला नाही.

"तिघांत हे सगळ्यात सभ्य," साहेब असेप्रोमाझिनबद्दल म्हणायचे. "म्हणून माझा सगळ्यात कमी विश्वास याच्यावर."

गुलाबरावचा मात्र बसला. चांदणीला तसं उभं पाहून त्याचे डोळेच चमकले.

"साहेब, हे वरातीत देऊन पाहू ना जी! आजकाल बँडसोबत ते स्पीकरचे मोठे डब्बे लावून राहिले, छाती धडधडते माणसाची. घोडी बिचकते मग."

"गुलाबराव, घोडीला देण्यापेक्षा बँडवाल्यांना देऊ. डोस मी काढतो."

"बँड झोपला तं नवरदेवाचे मित्र नाचतीन कसे?"

"त्यांनाही देऊ."

गुलाबराव हसला, पण सोडेना. लग्नसराई तोंडावर होती. प्रत्येक खेपेला तोच विषय. "इतर घोडीवाले कुठून कुठून घेऊन देऊनच राहिले, साहेब. तुम्ही नाही देलं तं मी बी घेईन." तेव्हा साहेब थांबले. मला अजून आठवतं, टेपचं एक टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "पुढच्या पट्टीला या. तुम्हीच पाहा आणि तुम्हीच ठरवा."

जखम भरत आली होती, नुसती पट्टी बदलायची होती. त्यामुळे त्या दिवशी असेप्रोमाझिन चालणार होतं. सकाळची वेळ. साहेबांनी आवार रिकामं करवलं, फाटक लावलं. आत आम्ही तिघं आणि चांदणी. मला त्यांनी घोडीच्या डाव्या बाजूला दोर धरून उभं केलं आणि स्वतःही डाव्या बाजूलाच राहणार असं सांगितलं. "आपण दोघं एकाच बाजूला. ती उसळली तर डोकं आपल्याकडे ओढायचं. डोकं इकडे आलं की मागचा भाग पलीकडे जातो, लाथ आपल्याला लागत नाही. जोर लागत नाही, सहायक. फक्त सोडायचं नाही."

हे त्यांनी मला आधीही कितीदा सांगितलं होतं. मी मान हलवली.

सुई दिली. शांतता पाळली. चांदणीचा ओठ लालवरून पिवळ्यावर आणि हळूहळू हिरव्यावर आला. घंटी वाजवली. काही नाही. पंचा झटकला. काही नाही. मग साहेबांनी गुलाबरावला पत्र्याचा डबा बडवायला लावला. एक कान जरासा वळला, तेवढंच. दर वेळी दोर क्षणभर साहेबांच्या हाती देऊन मी दारावर लिहून येत होतो.

"झालं, साहेब!" गुलाबराव आनंदानं जवळजवळ ओरडला. "हेच पाह्यजे मले!"

"थांबा," साहेब म्हणाले. "वरातीत फेटे उडतात, फटाके फुटतात, कोणाचा तरी पदर वाऱ्यावर येतो." ते तिच्या खांद्यापासून जरा मागे सरकले, जिथे वरातीत बाजूनं माणसं चालत असतात बरोबर तिथे. तोंडासमोर नाही, ते मी नंतर घातलं. त्यांनी बटण दाबलं.

मेलेल्यासारखी उभी होती ती घोडी, आणि एका क्षणात चारही पाय हवेत. डोळे पांढरे. तिच्यात एवढा जीव कुठे लपून बसला होता कोण जाणे. दोराला हिसका बसला आणि मी तो सोडला. सुटला नाही. मी सोडला. सोडून पळालो आणि आवारातल्या कडुलिंबामागे जाऊन उभा राहिलो. डोकं मोकळं झालेली घोडी गर्रकन फिरली आणि तिची मागची लाथ साहेबांच्या गुडघ्यावर बसली. आवाज मी झाडामागून ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा.

चांदणी भिंतीपाशी जाऊन थरथरत उभी राहिली. पुन्हा मान खाली. पुन्हा हिरव्यावर, जणू काही घडलंच नाही.

साहेब जमिनीवर पडले होते, छत्री शेजारी उलटी. तोंड राखेसारखं झालं होतं. ते म्हणाले, "लिहा."

मी झाडामागेच होतो.

"सहायक, लिहा. छत्री: पूर्ण जागी." मग गुलाबरावकडे वळून, "आता यावर नवरदेव बसलेला डोळ्यासमोर आणा. झायलाझिननं पाय लटपटतात, त्यानं नवरदेव पडेल. डेटोमिडिननं तेच, जास्त वेळ. आणि हे असं. वरातीला तिन्हींतलं कोणतंच नाही. कळलं?"

"कळलं जी, कळलं," गुलाबराव रडत होता. "तुम्ही बोलू नका."

"आणि तिला काही बोलू नका. तिचा दोष नाही."

मी लिहिलं नाही. दारावर त्या दिवशीच्या ओळी डब्यापर्यंतच होत्या. पुढे गडबडीत दार पुसलं गेलं.

साहेबांना नागपूरला नेल्यावर परत येताना टेम्पोत गुलाबराव माझ्याकडे पाहत नव्हता. शेवटी म्हणाला, "भाऊ, चांदणीनं डॉक्टरले लाथ मारली असं पसरलं ना, तं माहा सीझन गेला. लाथाळ घोडीवर कोण पोराले बसवन? आपण असं म्हणू, साहेब शेणावर घसरले. घोडी तं झोपून होती."

मी लगेच हो म्हटलं. फार लगेच. त्याला वाटलं मी त्याच्यावर उपकार केला. घोडी झोपलेली असेल तर दोराला हिसका बसला नव्हता. हिसका बसला नसेल तर दोर सोडणाराही कोणी नव्हता. आणि गुलाबरावनं मला झाडामागे पाहिलं होतं, तरी तो कधीच बोलला नाही. मी त्याची घोडी वाचवली, त्यानं मला वाचवलं. मधे एक माणूस काठी घेऊन चालायला लागला.

साहेब परत रुजू झाले तोवर गोष्ट बाजारभर झाली होती. पोरं त्यांच्या मागे शेण दाखवून "साहेब, जपून!" म्हणायची. त्यांनी एकदाही खोडून काढलं नाही. मला वाटलं घोडीचं नाव खराब होऊ नये म्हणून. असेल. मी विचारलं नाही. ते विचारायला मला त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं असतं, आणि त्यांच्या काठीचा आवाज आला की मला भांडारघरात काहीतरी काम निघायचं. ते पूर्वीसारखंच "अहो सहायक" म्हणायचे. दोर मात्र पुन्हा मला धरायला दिला नाही. तो खांबाला बांधायचे आणि म्हणायचे, "तुम्ही लिहा."

उठून फेरी मारून आलो. पुढचं लिहायलाच हवं.

त्यांची बदली झाली, मग ते निवृत्त झाले, मीही झालो. गोष्ट मात्र वाढत राहिली. खरं सांगायचं तर मला ती आवडायला लागली होती. लोक मला बोलावून सांगायला लावत. सांगता सांगता मलाही चांदणी घोरताना दिसायची.

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर एकदा साहेब भेटले. केस पूर्ण पांढरे, काखेत छत्री तीच. त्यांना इटारसीकडे जायचं होतं, गाडी मागच्या स्टेशनवर थांबवून ठेवली होती. बाकावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "ऐकतो की माझी एक गोष्ट तुम्ही फार छान सांगता. सांगा."

"नाही जी साहेब, तसं काही..."

"सांगा. गाडीला वेळ आहे."

मी सांगितली. काय करणार होतो? सगळी सांगितली, घोरण्यासकट. साहेब हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाजूच्या बाकावरचे लोकही हसले. मग त्यांनी चष्मा पुसला.

"छान. घोरणं तर उत्तमच. माझं पडणं असू द्या, लोकांना आवडतं. फक्त छत्रीचं निरीक्षण उलटं झालं आहे. तेवढं दुरुस्त करा."

गाडी आली. त्यांनी आधी चांगला पाय पायरीवर ठेवला, मग दुसरा ओढून घेतला. दोराबद्दल एक शब्द नाही. खिडकीतून छत्रीचं टोक हलवून त्यांनी निरोप घेतला.

तेवढं एक वाक्य दुरुस्त करायचं होतं. मला जमलं नाही. घोडी जागी झाली म्हटलं की ऐकणारा विचारणारच, मग दोर कोणाच्या हातात होता? पुढे ते गेल्याचं कळलं. त्याच आठवड्यात एका बारशाला मी गोष्ट सांगितली. घोरलोही.

गुलाबराव जिवंत असेतो त्यानं वरातीच्या घोडीला कधी सुई टोचू दिली नाही. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या मुलानं, संजूनं, पाहिलं नव्हतं. त्यानं फक्त माझी गोष्ट ऐकली होती, लहानपणापासून, बापाच्या मांडीवर बसून. आणि बाप गप्प बसून ऐकायचा.

या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या मुलाचं लग्न पांढुर्ण्यातच झालं. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाचा मुक्काम, शाळेत दिला होता. नवरदेवाला मारोतीच्या दर्शनाला न्यायचं म्हणून संजू घोडी घेऊन आला. पांढरी, आरशांची झूल घातलेली. मैदानाच्या कडेला उभी होती. मी जवळ गेलो आणि थांबलो. खालचा ओठ लोंबलेला, पापण्या अर्ध्या, मान गुडघ्यापर्यंत. खांब नव्हता, पण मला हिरवा पट्टा दिसला.

"संजू, काही देलं का इले?"

"टेन्शन नका घेऊ, काका. देऊन झालं. तुमच्या गोष्टीतलंच औषध. आता सगळेच देऊन राहिले. तुमचा तो डॉक्टर नसता तं या डीजेपायी आमचा धंदाच बसला असता."

 फाटकाबाहेर डीजेची गाडी लागत होती. नातू फेटा बांधून पायऱ्या उतरत होता.

मी म्हटलं, "संजू, ते गोष्ट खोटी आहे."

"हाव ना, काका."

"खोटी आहे म्हणतो! घोडी झोपली नव्हती. छत्री उघडल्यावर उडाली ती. साहेबाले लाथ मारली तिनं."

पाहुणे गोळा झाले. माझा एक भाचा ओरडला, "आला बाप्पा, मामाचा मूड आला! या बे, छत्रीवाली चालू झाली!"

"हसू नका. दोर माह्या हातात होता. मी सोडून पळालो. झाडामागं लपलो."

इतके हसले लोक. इतकी कधी मूळची गोष्टही चालली नव्हती. "मामा झाडामागं!" भाच्यानं पोट धरलं. "अन् घोरून कोण राहिलं होतं मग, झाड?" कोणीतरी म्हणालं, "घोरून दाखवा ना, आजोबा." मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि तो माझा सगळ्यात चांगला विनोद ठरला.

एका पाहुण्याच्या हातात उन्हासाठी छत्री होती. बटणाची. मी ती घेतली आणि संजूच्या हातात दिली. त्याच्या हातातला दोर मी घेतला.

मुलगी धावत आली. "बाबा, काय करून राहिले तुम्ही? पोराची वरात आहे!"

"म्हणूनच. पोराले पायरीवरच थांबव. सगळे माह्या मागं या, डाव्या बाजूले. तिकडं, घोडीच्या पलीकडं कोणी नको." माझा आवाज काही वेगळा निघाला असावा, कारण लोक सरकले. हसतच, पण सरकले. उजवीकडचं मैदान मोकळं झालं.

"संजू, माह्याजवळ उभा राह्य. या बाजूले. अन् खोल छत्री."

"काका, हलणार बी नाही ती."

"खोल."

फट्‌.

घोडी उसळली तेव्हा झुलीचे आरसे सगळे एकदम चमकले, एवढंच मला दिसलं. दोर तळहातातून सरकला, कातडी घेऊन सरकला. मी तिचं डोकं माझ्याकडे ओढलं. ओढलं म्हणजे काय, या वयात जोर कुठला; फक्त लटकलो. मागचा भाग पलीकडे गेला आणि तिची लाथ मोकळ्या मैदानात हवेत बसली. मी गुडघ्यांवर आलो होतो. दोर हातात होता.

मग ती थांबली. थरथरली. मान हळूहळू परत खाली.

कोणी हसत नव्हतं. संजू उघडी छत्री तशीच धरून उभा होता. 

"बापानं कधी सांगतलं नाही मले," तो म्हणाला.

"मीच सांगू देलं नाही, बेटा."

नातू मारोतीला पायी गेला. बँड वाजला, पोरं नाचली, काही कमी पडलं नाही. घोडी शाळेच्या भिंतीच्या सावलीत उभी राहिली. मुलीनं पूजेच्या ताटातला वातींचा कापूस आणून दिला, तो मी एका हातानं तिच्या कानांत घातला आणि तिला म्हणालो, "बाईसाहेब, आता कोणी छेडणार नाही."

हाताला पट्टी आहे. अक्षर वाकडं येतं आहे. मुलगी म्हणते, नंतर लिहा. नंतर नको. त्या दिवशी साहेबांनी मला दोनदा लिहा म्हटलं होतं. त्यांच्या पद्धतीनंच लिहितो.

घोडी चांदणी. औषध असेप्रोमाझिन. ओठ हिरव्या पट्ट्यावर. घंटी: काही नाही. पंचा: काही नाही. डबा: एक कान. छत्री: पूर्ण जागी. वरातीला तिन्हींतलं कोणतंच नाही.

दोर: सोडलेला. कोणी सोडला ते त्यांनी लिहायला सांगितलं नव्हतं. मी.